वस्तीच्या आरोग्याचा अभ्यास विद्यापीठात

मुलगी आरोग्य क्षेत्रात जाणार म्हटले की आपल्या घरात दोनच नावे निघतात, डॉक्टर नाहीतर नर्स. नीटमध्ये गुण कमी पडले की विषय संपतो. पण विद्यापीठात आणखी एक वाट आहे. सार्वजनिक आरोग्याची एम.पी.एच. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी.

नर्सिंगमध्ये आम्ही रुग्ण बघायला शिकलो. इथे रुग्ण जिथून येतो ती वस्ती बघायला शिकवतात. एका गल्लीत तिघांना टीबी झाला तर दवाखाना तिघांना गोळ्या देतो. सामुदायिक आरोग्य पुढचे विचारते. एका खोलीत किती जण झोपतात? खिडकी आहे का? पोटाला काय मिळते? रोजी बुडवून केंद्रावर जाणे परवडते का? त्यासाठी साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्य धोरण शिकावे लागते.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. ही लोकसंख्या धरताना आपली झोपडपट्टी मोजली का, हे विचारणारे माणूस आपल्यातले हवे. निवेदने आपण देतोच. सोबत घरोघरचा आकडा असला की ते निवेदन बाजूला सारणे साहेबांना जड जाते.

मुंबईत टिस, दिल्लीत जेएनयू आणि पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ इथे हा अभ्यास होतो. बऱ्याच ठिकाणी कला, वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनाही अर्ज करता येतो. अटी संस्थेगणिक वेगळ्या असतात, माहितीपत्रक नीट वाचा. जीएनएम झालेल्या भगिनींनो, आपला डिप्लोमा पदवी धरला जात नाही. आधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करा.

कागदपत्रे आधीच काढा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. पण केंद्रीय संस्थेत केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीची नोंद असलेला दाखला लागतो. नुसता ‘नवबौद्ध’ लिहिलेला दाखला तिथे अडतो. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

घरात पदवीच्या शेवटच्या वर्षाला कोणी असेल तर उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला याच महिन्यात काढायला टाका.