निर्बंध उठले, पण सिकलसेलच्या मजुराचे काय?

१ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्रातील कोरोनाचे सर्व निर्बंध उठले. मास्कही ऐच्छिक झाला. हातावर पोट असणाऱ्यांना कामावर जाणे भागच होते, तेव्हा हे बरेच झाले. पण नंदुरबारच्या भिल्ल व पावरा वस्त्यांत असेही मजूर आहेत, ज्यांचा धोका त्या दिवशी संपला नाही. ते सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि कायद्याने दिव्यांगही.

ही दुसरी गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. दिव्यांग म्हटले की डोळ्यांपुढे कुबडी किंवा पांढरी काठी येते. परंतु २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि त्यांत सिकलसेलही आला.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तहान, ताप, थंडी आणि अतिश्रम यांनी त्रास वाढतो. हाडे व सांधे असह्य दुखतात. पुष्कळांची प्लीहा लहानपणीच निकामी होते, म्हणून जंतुसंसर्ग लवकर जडतो. त्यात कोरोनाने फुप्फुसे धरली की रक्तातील प्राणवायू घटतो आणि पेशी आणखी वाकतात. म्हणूनच मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयोगटाच्या लसीकरणासाठी जी सहव्याधींची यादी निघाली, तिच्यात सिकलसेल होता. (हे सारे ‘एसएस’ रुग्णांविषयी. ‘एएस’ म्हणजे वाहक. तो सहसा इतरांसारखेच काम करू शकतो. गावात दोघांनाही ‘सिकलवाला’ म्हणतात आणि घोटाळा होतो.)

रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो, हीच मोठी अडचण. ऊसतोडीत कोयता नवरा-बायकोचा आणि उचलही दोघांची. नवरा तीन दिवस खोपीत कण्हत पडला तर मुकादम त्याला कामचोर ठरवतो, आणि न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर चढते. मग ताप अंगावर काढून माणूस फडात जातो. तेथे कायद्याचा हात फारसा पोहोचत नाही, हे मान्य करूनच पुढचे बोललेले बरे.

रोजगार हमीच्या कामावर मात्र तो पोहोचतो. दिव्यांग, वृद्ध आणि अशक्त करणारा आजार असलेले मजूर यांच्यासाठी कामाचे दर वेगळे ठरवावेत, म्हणजे कमी खोदाईतही त्यांना मजुरी पडावी, असे त्या कायद्याच्या परिशिष्टातच आहे. पाणी पाजणे, मुले सांभाळणे, रोपवाटिका अशी कामे त्यांना देता येतात. कामावर पिण्याचे पाणी व सावली हवीच. सिकलसेलच्या माणसाला तर पाणी हे औषधच. २०२२-२३ चा दर दिवसाला २५६ रुपये होता. ऊसतोडीच्या उचलीपुढे तो थोडाच, पण रात्री घरी निजता येते आणि दवाखाना जवळ राहतो. मागणी लेखी द्यावी आणि तारखेची पोच घ्यावी. १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा हक्क त्या पोचेवरच उभा राहतो.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून वैद्यकीय मंडळापुढे जावे लागते. किती वेळा दाखल व्हावे लागले, किती वेळा रक्त चढवले, याचे सर्व केसपेपर सोबत न्यावेत. घरोघरी हे कागद पावसात भिजलेले दिसतात. एक प्लॅस्टिकची पिशवी पुरते. बहुतेक योजनांना ४० टक्के दिव्यांगत्व लागते. सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणात मात्र सिकलसेल येत नाही, तेव्हा तशी आशा कोणाला लावू नये.

आपली वसतिगृहे, शाळा आणि दवाखाने हीदेखील कायद्याच्या दृष्टीने आस्थापनाच आहेत. त्यांनाही समान संधी धोरण असावे लागते. स्वयंपाकघरातील बाईला दुखणे उमळले की बसून करण्याचे काम देणे, ही मेहेरबानी नव्हे.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा येते. पुढील वर्षाच्या रोजगार हमीच्या कामांची चर्चा तेथे सुरू होते. दिवाळीनंतर मुकादमाच्या गाड्या लागण्याआधी, आपल्या गावातील एसएस रुग्णांसाठी कोणते हलके काम ठेवले, हे त्या सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.