मज्जातंतूची साक्ष

अहिल्यानगरच्या आडते बाजारात धान्य अंदाजपंचे दिले जात नाही. काटा स्थिरावला की मगच आकडा वहीत चढतो. हाच विवेक वैद्यकशास्त्राने बालकांच्या श्रवणोपचारातही आणला आहे.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाच्या अंतःकर्णात बसविलेले कॉक्लियर इम्प्लांट ध्वनीचे विद्युत्स्पंद करून श्रवणाच्या मज्जातंतूला चेतविते. स्पंद क्षीण असल्यास शब्द पोहोचत नाही. तीव्र असल्यास बालक कळवळते. वर्षभराचे मूल हे सांगणार कसे?

येथे मज्जातंतूच साक्ष देतो. एका विद्युदग्रातून स्पंद सोडताच शेजारचे विद्युदग्र त्याचा प्रतिसाद टिपते. तो मिलिसेकंदाच्या आत उमटतो आणि मायक्रोव्होल्टमध्ये मोजला जातो. शस्त्रक्रिया चालू असतानाच ही मोजणी करता येते. पुढे श्रवणतज्ज्ञ तिच्या आधारे, बालकाचे वर्तन निरखीत, योग्य मात्रा ठरवितात. जुनाट वेदनांसाठी मणक्यात बसविलेली काही नवी उपकरणे तर असा प्रतिसाद मोजून आपली मात्रा स्वतःच बदलतात.

या शस्त्रक्रियेतील अग्रणी, मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री लाभली. केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून पात्र बालकांना इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचे काम पाहते.

म्हणून "याचे काकाही उशिराच बोलू लागले" असे म्हणत थांबू नये. बाळाची श्रवणचाचणी जन्मानंतर लवकरच करावी. दुकानाची उधारी उशिरा का होईना, वसूल होते. भाषा शिकण्याची पहिली वर्षे मात्र परत येत नाहीत.