घरच्या शाळेचे दप्तर

जून उजाडला की घराघरांत नव्या पुस्तकांना कव्हरे घालण्याची लगबग सुरू होते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत काही थोडी कुटुंबे मात्र अशीही आहेत, की ज्यांनी मुलांना शाळेत न धाडता घरीच शिकविण्याचा निर्णय घेतला आहे. या पालकांपुढील पहिला प्रश्न 'काय शिकवायचे' हा असतो. वर्ष सरत आल्यावर भेडसावतो तो दुसराच प्रश्न : मूल काय शिकले, हे सांगायचे कशाच्या आधारावर? शाळेत हजेरीपट, चाचण्या आणि प्रगतिपत्रक हे काम करतात. घरी मात्र हे दप्तर पालकांनाच सांभाळावे लागते.

त्यामागे कायद्याचेही कारण आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वयोगटातील मुलांना शाळेत दाखल करणे हे त्याच्या कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. त्या कलमात शिक्षेची तरतूद मात्र नाही. घरशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख या कायद्यात नाही आणि अशा मुलांची नोंदणी वा तपासणी करणारी स्वतंत्र यंत्रणाही नाही. नोंदी कोणी मागत नाही, म्हणून त्या ठेवल्या जात नाहीत. आणि ज्या दिवशी त्यांची गरज भासते, त्या दिवशी त्या नव्याने तयार करता येत नाहीत.

वर्षाची आखणी

आखणीसाठी एक मापदंड याच कायद्याच्या परिशिष्टात सापडतो. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन शाळांनी करावे, असे त्यात म्हटले आहे. घरी एकाच मुलाकडे लक्ष द्यायचे असल्याने इतके तास बसविण्याची गरज नसते. परंतु वर्षाचा आवाका त्यावरून कळतो. आठवड्याचे पाच दिवस धरले, तर २०० दिवस म्हणजे ४० आठवडे. त्यांची दहा-दहा आठवड्यांची चार सत्रे करावीत. प्रत्येक सत्रातील नऊ आठवडे अभ्यासाचे असावेत आणि दहावा राहून गेलेले पुरे करण्यासाठी व आढाव्यासाठी राखून ठेवावा. उरलेल्या बारा आठवड्यांत गणपती, दिवाळी, उन्हाळ्याची सुटी आणि आजारपण हे सारे सामावते.

संपूर्ण वर्षाचा दिवसवार तक्ता करण्याचा मोह टाळलेलाच बरा. तो तिसऱ्या आठवड्यातच कोलमडतो आणि मग पालक मुलाच्या नव्हे, तक्त्याच्या मागे धावू लागतात. प्रत्येक विषयात वर्षअखेर कोठवर पोहोचायचे, हे एका पानावर लिहावे. तपशील केवळ चालू सत्रापुरता ठरवावा. बालभारतीची त्या-त्या इयत्तेची पुस्तके जवळ असली, की पल्ला ठरविणे सोपे जाते.

नोंदी कोणत्या आणि कशा?

सर्वांत महत्त्वाची ती रोजनिशी. त्यात काय ठरले होते हे न लिहिता प्रत्यक्षात काय घडले, हे लिहावे. 'गणित केले' या नोंदीला फारसा अर्थ नाही. 'अपूर्णांकांची बेरीज : छेद समान असेल तर जमते, वेगळे असतील तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो' ही नोंद मात्र उद्या कोठून सुरुवात करायची, हे सांगते. महिन्याभराने तीच चूक पुन्हा दिसली, तर शिकविण्याची रीत बदलायला हवी, हेही तीच सांगते. यासाठी दिवसाला दहा मिनिटे पुरतात.

दुसरी नोंद वाचलेल्या पुस्तकांची : नाव, लेखक, भाषा आणि वाचून संपल्याची तारीख. तिसरी, कामाच्या नमुन्यांची फाइल. दरमहा प्रत्येक विषयाचा एक कागद तारीख घालून तीत ठेवावा. केवळ सुवाच्य कागद निवडू नयेत. खाडाखोड झालेला पहिला निबंध आणि नंतरचा सुधारलेला निबंध शेजारी ठेवले, तरच प्रगती दिसते. चौथी नोंद सत्रअखेरच्या आढाव्याची. नऊ-दहा वर्षांचे मूल यात स्वतःही दोन ओळी लिहू शकते. जन्मदाखला आणि पूर्वी शाळेत गेले असल्यास शाळा सोडल्याचा दाखला व प्रगतिपत्रके वेगळ्या फाइलमध्ये असावीत.

हे सारे कशासाठी?

घरशिक्षण कायम चालेलच, असे नाही. बदली, आजारपण, आर्थिक ओढाताण किंवा मुलाची स्वतःची इच्छा यांमुळे शाळेकडे परतण्याची वेळ येऊ शकते. शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश देण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. परंतु त्या इयत्तेत मुलाला काय येते आणि कोठे आधार लागेल, हे नव्या शिक्षकांना ही फाइलच सांगू शकते.

दहावीसाठी अनेक जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग निवडतात. तेथे दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय देऊन पूर्ण करण्याची मुभा असते. आठवीचा दाखला नसलेल्या विद्यार्थ्याला हा अभ्यासक्रम पेलण्याइतके शिक्षण झाल्याचे स्वयंप्रमाणपत्र देता येते. अर्जात ते एका वाक्यात संपते. त्या वाक्यामागे आठ वर्षांचे काम आहे की नुसतीच आशा, हे मात्र आईवडिलांना ठाऊक असायला हवे.

नोंदींचा अतिरेक झाला, तर घराची कचेरी होते, हेही खरे. मागील तारखांच्या नोंदी एकदम भरून काढणे तर निरुपयोगीच. एखादा आठवडा सुटला, तर तेवढी पाने कोरी ठेवून पुढे जावे. 'आपले मूल मागे तर पडत नाही ना?' ही शंका प्रत्येक घरशिक्षक पालकाला कधीतरी रात्री जागविते. नातेवाइकांच्या टोमण्यांनी किंवा शेजारच्या मुलाच्या गुणांनी ती मिटत नाही, उलट वाढते. अशा वेळी जूनमधला कागद आणि फेब्रुवारीतला कागद काढून शेजारी ठेवावेत. मूल पुढे गेले असेल, तर ते तेथे दिसते. गेले नसेल, तर तेही दिसते, आणि उपाय करण्याइतका वेळ हाती असतानाच दिसते.