ओफीरचं सोनं आणि सोपाऱ्याचा काळा खडक

ठाण्याहून भिवंडीला जाताना कशेळीच्या पुलाखालून वाहणारं उल्हासचं पाणी घोडबंदरावरून वसईला समुद्राला मिळतं. त्या मुखाच्या उत्तरेला सोपारा, आजचं नालासोपारा. खाडीच्या वरच्या अंगाला कल्याण. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, दोन्ही बंदरांची नावं आहेत. सोपाऱ्याची कीर्ती मात्र त्याहून लांब, थेट बायबलपर्यंत नेली जाते.

शलमोन राजाची जहाजं तांबड्या समुद्रातून ओफीरला गेली आणि ४२० किक्कार सोनं घेऊन आली, असं बायबल सांगतं. आजच्या हिशेबात हे सुमारे १४ टन होतं. आकडा फुगवलेला असणार. पण ओफीर हे नाव तरी निव्वळ कल्पना नव्हे. तेल अवीवजवळ सापडलेल्या इसवी सनपूर्व आठव्या शतकातल्या एका खापरावर ओफीरच्या सोन्याची नोंद आहे. बायबलच्या जुन्या ग्रीक अनुवादात हेच नाव 'सोफीर'सारखं येतं. त्यावरून काही अभ्यासकांनी ओफीर म्हणजे सोपारा असं मानलं.

नाव जुळतं, खडक जुळत नाही. इथला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, काळ्या बेसाल्टचा. त्यात सोन्याच्या खाणी नाहीत. सोन्याचे खडक दक्षिणेला कर्नाटकात, हट्टी आणि कोलारकडे. म्हणजे सोपारा फार तर सोन्याची बाजारपेठ असेल. ओफीरचे दुसरे दावेदार अरबस्तान आणि पूर्व आफ्रिका. अरबस्तानात जुन्या सोन्याच्या खाणी आहेतच, आणि मला तोच दावा जास्त पटतो.

काळाचा हिशेबही अवघड. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं निघालं. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. तरीही अशोक इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला, शलमोन दहाव्यातला. मधल्या सातशे वर्षांच्या सागरी व्यापाराचा पुरावा हवा.

तो असलाच, तर सोपाऱ्याच्या बुजलेल्या खाडीच्या गाळात असेल. नळीनं गाळाचे थर काढून त्यातल्या सेंद्रिय अवशेषांचं वय कार्बन पद्धतीनं ठरवता येतं. अडचण एवढीच, की त्या गाळावर आता इमारती झपाट्यानं उभ्या राहताहेत.