वायुमेघाचा स्फोट आणि दारूगोळ्याचा स्फोट

पेणहून रोह्यास जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठणे लागते. तेथील इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात ५ नोव्हेंबर १९९० रोजी ईथेन-प्रोपेन वायूंची गळती होऊन भीषण स्फोट झाला व तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. दारूगोळा नसताना एवढा संहार कसा घडावा?

टीएनटीसारख्या रूढ स्फोटकाच्या रेणूतच इंधन व प्राणवायू एकत्र असतात. म्हणून ते पाण्याखालीही फुटते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर झालेले स्फोट मुख्यतः या जातीचे होत. वायुमेघास मात्र प्राणवायू भोवतालच्या हवेतूनच घ्यावा लागतो. हवेत ईथेनचे प्रमाण सुमारे ३ ते १२ टक्के असेल तरच तो पेटतो. पेटल्यावर दाब एका बिंदूतून नव्हे, तर मेघाच्या साऱ्या विस्तारातून उसळतो. रूढ स्फोटकाच्या निकट जाणवणाऱ्या दाबाइतका तो तीव्र नसतो. तथापि अधिक काळ टिकतो, आणि भिंती पाडण्यास तेवढे पुरते.

थर्मोबारिक, म्हणजे उष्णता व दाब यांवर चालणारी, अस्त्रे याच तत्त्वावर आधारलेली आहेत. त्यांतील इंधनकण दारांतून, भुयारांतून आत शिरतात. बाँबच्या तुकड्यांपासून वाचविणारी भिंतच मग आतील दाब कोंडून धरते! अस्त्रात प्रज्वलनाचा क्षण योजिलेला असतो, अपघातात तो ठिणगीवर अवलंबून असतो. प्रोपेन तर हवेच्या दीडपट जड. तो वर न जाता सखल जागी साचतो, आणि ठिणगी दूर कोठेतरी असते.