बाल्डचं बाड आणि कॉकेनमास्तर

जुन्या इंग्रजीतल्या ‘हॅल’ या शब्दानं मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे. तो पहिल्यांदा भेटला ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य वाचताना. समुद्र ओलांडून आलेला वीर ह्रोथगार राजासमोर उभा राहतो आणि तोंड उघडताच आधी त्याच्या खुशालीची कामना करतो, मग स्वतःची ओळख सांगतो. त्या अभिवादनात ‘हॅल’चंच विशेषण आहे. ‘हॅल’ म्हणजे निरोगी असणं, पण तेवढंच नाही. अंग धड असणं, शकुन चांगला लागणं, दैव पाठीशी असणं, आत्म्याला मुक्ती मिळणं, हे सगळं त्या एका शब्दात राहत होतं. आजच्या इंग्रजीतले हेल्थ, हील, होल आणि होली हे त्याच कुळातले. अँग्लो-सॅक्सन धर्मोपदेशक येशूला ‘हॅलेंड’ म्हणत, म्हणजे बरं करणारा. रोग्याची खाट आणि देवाचा दरबार यांना एकाच शब्दात बसवणारी ही माणसं आजारी पडली की काय करत असतील, हा प्रश्न मला तिथून लागला.

शब्दाचा पुढचा प्रवास बहुतेकांना ऐकून माहीत असतो. ‘वॅस हॅल’, म्हणजे ‘खुशाल राहा’, हे अभिवादन बाराव्या शतकापर्यंत पेल्याशी जोडलं गेलं. साधारण 1136 च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथनं सॅक्सन सरदार हेंगिस्टच्या मुलीची गोष्ट लिहिली. ती सोन्याचा पेला घेऊन ब्रिटनांचा राजा व्होर्टिगर्नपुढे येते आणि ‘वॅस हॅल’ म्हणते. राजाला भाषा कळत नाही. दुभाषी सांगतो, उत्तरात ‘ड्रिंक हॅल’ म्हणायचं असतं. राजा म्हणतो, पितो, भाळतो आणि तिच्यापायी केंट देऊन बसतो. हा इतिहास नव्हे, पण पेयपानाच्या त्या रीतीचा पुरावा म्हणून गोष्ट मोलाची आहे. नॉर्मन कवी वेसनं तर 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईआदल्या रात्री इंग्रज सैनिक हेच ओरडत पीत बसले होते, असं लिहिलं. जिंकलेल्यांच्या कवीनं हरलेल्यांना दारुडे ठरवावं, हे मला अजिबात विश्वसनीय वाटत नाही. पुढे त्याचं ‘वॉसेल’ झालं. सॉमरसेटमध्ये आजही जानेवारीत सफरचंदाच्या झाडांना सायडर पाजून गाणी म्हणतात.

माझ्या प्रश्नाचं उत्तर पेल्यात नव्हतंच. ते होतं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या ‘रॉयल 12 डी 17’ या हस्तलिखितात.

हे बाड दहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचं, बहुधा विंचेस्टरला नकललेलं. दुसऱ्या खंडाच्या शेवटी लॅटिन पद्यात मालकाचं नाव येतं. हा ग्रंथ बाल्डचा, तो त्यानं किल्डकडून लिहवून घेतला. बाल्ड कोण, किल्ड कोण, याचा याहून अधिक पत्ता नाही. अभ्यासक त्याला ‘बाल्डचं लीचबुक’ म्हणतात. ‘लॅचे’ म्हणजे वैद्य. पहिल्या खंडात डोक्यापासून पायापर्यंत बाहेरचे रोग आणि दुसऱ्यात पोटातले, अशी शिस्तशीर मांडणी आहे. मधेच एखाद्या औषधाला ‘हे ऑक्सानं शिकवलं’, ‘हे डुननं शिकवलं’ अशी नोंद येते. हजार वर्षांपूर्वीच्या दोन गावठी वैद्यांची नावं अशी सहज वाचायला मिळतात, तेव्हा माझा हात पान उलटायला तयार होत नाही.

फाटलेल्या ओठाची शस्त्रक्रिया यात आहे. मस्तकीची पूड अंड्याच्या पांढऱ्यात कालवायची, ओठाच्या कडा सुरीनं ताज्या करायच्या, रेशमानं घट्ट शिवायच्या आणि रेशीम कुजण्याआधी आतून-बाहेरून लेप लावायचा. पानांमागून पानं मिरी येते, आणि ती मिरी आपल्याच मलबार किनाऱ्याची. जेरुसलेमचा धर्माधिपती एलियास यानं आल्फ्रेड राजाला कळवलेले उपाय एका प्रकरणात आहेत. आल्फ्रेड आयुष्यभर कसल्याशा दुखण्यानं बेजार होता, हे त्याचा चरित्रकार ॲसर सांगतो. याच आल्फ्रेडनं 883 साली संत थॉमस आणि संत बार्थोलोम्यू यांच्यासाठी भारतात दान धाडलं, असं ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’च्या काही प्रतींत आहे, काहींत मात्र भारताच्या जागी ‘ज्युडिया’ आहे. बार्थोलोम्यू आला तो आपल्या कल्याणला, असं मानणारे इतिहासकार आहेत. मला तो पुरावा तुटपुंजा वाटतो, म्हणून तिकडे वळत नाही.

आणि याच बाडात डोळ्यावरच्या रांजणवाडीचं एक औषध आहे. ‘क्रॉपलेक’ आणि लसूण समभाग घेऊन चांगले कुटायचे. वाइन आणि बैलाचं पित्त समभाग घेऊन त्यात मिसळायचं. सगळं पितळेच्या भांड्यात घालून नऊ रात्री ठेवायचं. मग फडक्यातून पिळून, नीट गाळून शिंगात भरायचं आणि रात्री पिसानं डोळ्याला लावायचं. शेवटी लिहिणारा म्हणतो, औषधांत हे उत्तम. घटक, प्रमाण, भांडं, मुदत, गाळणं, साठवण, लावण्याची वेळ आणि साधन, सगळं जागच्या जागी आहे. मंत्र एकही नाही.

हे बाड छापून जगापुढे आणलं एका शाळामास्तरानं, आणि त्याच्यापाशी येऊन मी थांबलो तो आजवर तिथेच आहे.

थॉमस ऑस्वाल्ड कॉकेन, जन्म 1807, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे पदवीधर, धर्मदीक्षा घेतलेले. 1842 पासून लंडनच्या किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये ते शिकवत होते. हेन्री स्वीट आणि वॉल्टर स्कीट, पुढे इंग्रजी भाषेच्या इतिहासाचा पाया घालणारे दोघेही, त्यांच्या हाताखालून गेले. शाळा सांभाळून मास्तरांनी 1864 ते 1866 या काळात ‘लीचडम्स, वर्टकनिंग अँड स्टारक्राफ्ट ऑफ अर्ली इंग्लंड’ हे तीन खंड ‘रोल्स सिरीज’ या सरकारी ग्रंथमालेत काढले. डाव्या पानावर मूळ, उजव्यावर भाषांतर. बाल्डचं बाड दुसऱ्या खंडात आहे.

भाषांतर मात्र त्यांनी मुद्दाम आर्ष इंग्रजीत केलं. वनस्पतिज्ञानाला ‘वर्टकनिंग’, ज्योतिषाला ‘स्टारक्राफ्ट’. लॅटिन-फ्रेंच वळणाचे शब्द शक्यतो बाहेर ठेवले. त्यामागे जुन्या भाषेवरचं निखळ प्रेम होतं, पण परिणाम वाईट झाला. साधी स्वच्छ कृतीसुद्धा त्या भाषेत चेटकिणीच्या कढईतली वाटू लागली. ॲन व्हॅन आर्सडॉल यांनी 2002 च्या पुस्तकात हा दोष नेमका दाखवला आहे, आणि तो मला मान्य आहे. चार्ल्स सिंगरसारख्या मातब्बर इतिहासकारानं हे सारं ग्रीक वैद्यकाचं कुजलेलं शेवटचं टोक मानलं, आणि पुढे कित्येक वर्षं तोच निवाडा चालला. कॅनडातले जीवशास्त्रज्ञ एम. एल. कॅमेरॉन यांनी 1993 मध्ये या औषधांकडे जीवशास्त्राच्या नजरेनं पाहिलं, तेव्हा कुठे वारं फिरलं.

मास्तरांचं भांडण मात्र वेगळ्याच ठिकाणी होतं. ऑक्सफर्डचे अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक जोसेफ बॉसवर्थ यांचा कोश 1838 मध्ये निघाला होता आणि सगळे त्यावरच विसंबून होते. कॉकेननी ‘द श्राइन’ नावाची लेखपुस्तिका काढायला सुरुवात केली आणि आरंभालाच या कोशावर तुटून पडले. मूळ हस्तलिखितं न पाहता कोश रचता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. पद, पगार आणि प्रतिष्ठा बॉसवर्थकडे होती. लीचबुकसारख्या ग्रंथांचा शब्दन् शब्द कॉकेनच्या डोळ्याखालून गेलेला होता. सूर कडवट होता, पण विद्येच्या बाजूनं मी बेलाशक मास्तरांच्या बरोबर आहे. स्वतःचा कोश करण्याची त्यांची इच्छा होती. तो झाला नाही.

1869 मध्ये शाळेनं त्यांना काढून टाकलं. आरोप असा, की लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांतले जे प्रसंग इतर शिक्षक गाळून पुढे जातात, त्यांबद्दल ते वर्गात मुलांशी बोलले. सत्तावीस वर्षांची नोकरी गेली, वय साठीच्या पुढे. त्यांनी ‘मिस्टर कॉकेन्स नॅरेटिव्ह’ या नावानं आपली बाजू छापून मांडली. मुलांना बिघडवण्याचा त्यात काही हेतू नव्हता, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. जो माणूस बाल्डच्या बाडातले देहाचे सगळे व्यवहार न लाजता छापतो, तो वर्गातही पान गाळणार नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडला तेच खुपलं. व्यवस्थापनानं निर्णय बदलला नाही.

यानंतरही त्यांनी काम सोडलं नाही. ‘द श्राइन’चे भाग 1870 पर्यंत निघत होते. संत ज्युलियानाच्या मध्ययुगीन इंग्रजी चरित्राची त्यांची आवृत्ती 1872 ची. पुढच्याच वर्षी कॉर्नवॉलमध्ये, सेंट आइव्हजजवळ, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. या माणसाला पेन्शन आणि एक टेबल मिळालं असतं, तर जुन्या इंग्रजीचा कोश वेगळाच झाला असता, असं मला आजही मनापासून वाटतं.

बॉसवर्थ 1876 मध्ये गेले. त्यांची टिपणं हाती घेऊन नॉर्थकोट टॉलर यांनी कोश नव्यानं सिद्ध केला, तोच आजचा ‘बॉसवर्थ-टॉलर’. त्यात कुठलाही रोग, वनस्पती किंवा अवयव काढा, पुढे ‘एलसीएचडीएम’ हे संक्षिप्त रूप, खंड आणि पृष्ठांक दिसतो. ते ‘लीचडम्स’, कॉकेनमास्तरांचे तीन खंड. ज्या कोशाशी त्यांनी वैर घेतलं, त्यातला वैद्यकाचा भाग त्यांच्याच छापील पानांवर उभा आहे.

तरी काही शब्द कोशालाही उलगडले नाहीत. ‘क्रॉपलेक’ त्यातलाच. कांदा-लसणाच्या वर्गातलं काहीतरी, एवढंच ठरवून म्हणता येतं. नॉटिंगहॅम विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रेया हॅरिसन आणि जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक क्रिस्टिना ली यांनी रांजणवाडीचं ते औषध प्रयोगशाळेत करायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण हीच आली. त्यांनी तोड काढली, की एक औषध कांदा घालून करायचं आणि एक लीक घालून. पितळेच्या भांड्याऐवजी काचेच्या बाटलीत पितळेच्या पत्र्याचे तुकडे टाकले. नऊ दिवसांची मुदत पाळली. 2015 मध्ये ‘एमबायो’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. उंदरांच्या जखमांमधले, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे स्टॅफिलोकोकस जंतू या मिश्रणानं साधारण 90 टक्के मारले. 2005 मध्ये अमेरिकेत काही अँग्लो-सॅक्सन औषधं तपासली गेली होती, तेव्हा फारसं हाती लागलं नव्हतं. या वेळी कृती शब्दाबरहुकूम पाळली गेली, आणि फरक तिथेच पडला असावा असं मी धरून चालतो.

2020 मध्ये वॉरिक विद्यापीठातल्या गटानं पुढचं काम प्रसिद्ध केलं. जखमेवर जंतू चिकट थर धरून बसतात, त्याला बायोफिल्म म्हणतात; मधुमेह्यांच्या पायाच्या जखमा चिघळतात त्या बऱ्याचदा याच थरामुळे. या मिश्रणानं पाच प्रकारच्या जंतूंचे असे थर मोडले. लसणातलं ॲलिसिन जंतुनाशक आहे, हे आधीपासून माहीत होतं. पण थर मोडायला एकटं ॲलिसिन पुरलं नाही. कांदा, लसूण, वाइन आणि पित्त, चारही एकत्र हवे होते. त्या वेळी क्रॉपलेकच्या जागी त्यांनी कांदा वापरला.