नारळ नव्याला, ठिगळ जुन्याला

तुम्ही कधी दुरुस्तीचं उद्‌घाटन पाहिलंय का? भूमिपूजन पाहिलं असेल, कोनशिला तर पावलोपावली दिसतात. पण 'या इमारतीचा गळका स्लॅब अमुक साली, अमुक यांच्या शुभहस्ते दुरुस्त करण्यात आला' अशी पाटी मला तरी अजून कुठे दिसलेली नाही. हसू येतं, पण आपल्या शहरांतल्या जुन्या शाळा, दवाखाने, मंडया आणि नाट्यगृहं यांच्या अवस्थेचं निम्मं कारण या न लागलेल्या पाटीत आहे. उरलेलं निम्मं हिशेबाच्या वहीत आहे, आणि ते जास्त इंटरेस्टिंग आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'अंदाजपत्रक' हा शब्दच मी सिव्हिलला आल्यावर शिकले. तेव्हा शुद्धलेखनाचं संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!)

२७ सप्टेंबर २०१३, शुक्रवार. मुंबईत डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची इमारत सकाळी सकाळी कोसळली. ६१ माणसं गेली. ही इमारत कुणा लोभी बिल्डरची नव्हती. ती खुद्द मुंबई महापालिकेची होती, आणि वर राहत होते ते महापालिकेच्याच बाजार खात्यातल्या कर्मचाऱ्यांचे संसार. तिचं वय तरी किती? नुकती तिशी ओलांडलेली. त्याच शहरात महापालिकेचं स्वतःचं मुख्यालय १८९३ सालचं आहे आणि ते आजही वापरात आहे. म्हणजे नुसतं वय हे कारण नाही.

मग काय होतं? चुना आणि दगडाची इमारत सावकाश म्हातारी होते. आरसीसीचं तसं नाही. काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणून आतली सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि तो अल्कधर्मीपणा कमी करत जातो. तो सळईपर्यंत पोचला आणि जोडीला पाणी मिळालं की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. सळईवर कव्हर कमी असेल तर हे सगळं लवकर होतं. आपल्या बऱ्याच सरकारी इमारती आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीच्या काळातल्या आहेत. त्यात आरसीसीला एम-१५ चालत असे. २००० च्या आवृत्तीत किमान एम-२० आलं, आणि कव्हरचे नियमही कडक झाले.

आपल्या होस्टेलमध्ये हे फुकटात बघायला मिळतं. बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये वर बघा. पोपडे, तपकिरी डाग, एका सरळ रेषेत गेलेली चीर. ती रेषा म्हणजे सळई! दरवर्षी गवंडी येतो, सिमेंट थापतो, वर चुना मारतो आणि सगळे खूश. आत सळई निवांत गंजत असते. खरं तर सैल झालेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडायचं, गंज घासून काढायचा, कोटिंग द्यायचं आणि मग पॉलिमर मॉर्टर भरायचं. आणि या सगळ्याच्या आधी वरचा गळका पाइप बदलायचा. म्हणजे पहिलं काम गवंड्याचं नाहीच, प्लंबरचं आहे.

डी सिटर नावाच्या अभ्यासकाने १९८४ मध्ये 'पाचाचा नियम' मांडला. बांधतानाच नीट काळजी घ्यायला १ रुपया लागत असेल, तर ती टाळल्यावर वेळच्या वेळी देखभालीला ५ रुपये लागतात. तीही टाळली तर दुरुस्तीला २५ आणि शेवटी १२५. आकडे अगदी काटेकोर धरू नका, पण चढण अशीच असते. मग कुणीच आधीचा स्वस्त रुपया का खर्च करत नाही?

कारण तो रुपया ज्या खिशातून येतो तो खिसा वेगळा आहे. महापालिकेच्या बजेटमध्ये दोन बाजू असतात, महसुली आणि भांडवली. नवीन इमारत भांडवली खर्चात येते. तिला सरकारी अनुदान मिळतं, कर्ज मिळतं, योजना मिळते. देखभाल महसुली खर्चात येते. तिथे आधी पगार, पेन्शन, वीजबिल, कचरागाड्यांचं डिझेल आणि मग जे उरेल ते. जकात गेल्यापासून (मुंबईची सगळ्यात शेवटी, जुलै २०१७ मध्ये गेली) हातात घट्ट धरता येईल असं मोठं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर. बाकी बराच भार राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर.

त्यात शहर वाढतंय. पुण्याचंच बघा ना. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. प्रत्येक गावाला पाणी हवं, ड्रेनेज हवं, रस्ता हवा. त्या रांगेत पेठेतल्या शाळेचं गळकं छप्पर कितव्या नंबरवर असेल?

हिशेबाची पद्धतही आड येते. पूर्वी महापालिकांचे हिशेब नुसते रोखीचे असत, आले किती नि गेले किती. अशा वहीत इमारत एकदाच दिसते, बांधली त्या वर्षी. ती झिजते हे वहीला कळतच नाही. २००५ च्या जेएनएनयूआरएम योजनेत पैसे हवे तर दुहेरी नोंद पद्धत आणा अशी अट होती, त्यामुळे घसारा निदान कागदावर यायला लागला. पण घसारा लिहिणं म्हणजे तेवढे पैसे बाजूला काढणं नव्हे. मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोम इथेच आहे. सोसायट्यांमध्ये सिंकिंग फंड असतो, दर महिन्याला थोडा थोडा जमतो. शाळेच्या इमारतीला तो का नको?

कर्जरोखे काढा, असं कुणी म्हणेल. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढून दाखवले, पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटींचे. पण पुण्याचे पैसे पाणीपुरवठ्यासाठी होते. पाण्याची पट्टी येते, त्यातून हप्ता भागवता येईल अशी आशा धरता येते. प्राथमिक शाळा काय कमावणार?

दुसरा मार्ग म्हणजे जागा बिल्डरला द्यायची, त्याने आपली इमारत फुकट बांधून द्यायची आणि उरलेल्या एफएसआयवर कमवायचं. मोक्याच्या जागेवरच्या मंडईला असा माणूस लगेच मिळतो. झोपडपट्टीला लागून असलेल्या दवाखान्याला कुणी मिळत नाही. म्हणजे दुरुस्ती गरजेप्रमाणे न होता जागेच्या भावाप्रमाणे होते! शिवाय लोकांचा जीवही जडलेला असतो. १९६८ साली उघडलेलं बालगंधर्व रंगमंदिर पाडून मोठं संकुल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा पुण्यात नाटकवाल्यांचा केवढा गदारोळ झाला होता.

देणगीचा मार्ग क्वचित जमतो, पण जमला की छान जमतो. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं. २००३ मध्ये महापालिका, इनटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला आणि त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तरी २०२३ मध्ये ते दुरुस्तीसाठी परत बंद ठेवावं लागलं, २०२५ च्या सुरुवातीला उघडलं. एवढं निगुतीने केलेलं कामही एकदाच करून भागत नाही.

समजा पैसे मिळाले. आता कॅलेंडर बघा. बजेट एप्रिलपासून लागू. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, टेंडर. वर्क ऑर्डर हातात येते जूनमध्ये, आणि बाहेर धो धो पाऊस! ऑक्टोबरपर्यंत छताला हात लावता येत नाही. नंतर शाळा भरलेली असते. मुलांना कुठे बसवायचं? उन्हाळ्याची सुट्टी हीच खरी वेळ, पण तोवर ३१ मार्च उलटून गेलेला असतो.

टेंडरचीही गंमत आहे. नवीन इमारतीचं काँक्रीट किती घनमीटर ते ड्रॉइंगवरून कळतं. दुरुस्तीत गिलावा फोडल्याशिवाय कळतच नाही की दोन कॉलम खराब आहेत की वीस. कॉन्ट्रॅक्टर जादा काम सांगतो, इंजिनिअरला एक्स्ट्रा आयटम मंजूर करावा लागतो आणि पुढे लेखापरीक्षणात त्याच्यावरच शेरा येतो. अशा वेळी 'पाडून नवीन बांधू' म्हणणं त्याला सगळ्यात सुरक्षित. मला त्याचा राग येत नाही, उद्या त्या खुर्चीत आपल्यातलंच कुणीतरी असणार. उपाय फार अवघड नाही. आधी तपासणीचं छोटं वेगळं काम काढायचं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक टेस्ट, थोडे कोअर, जागोजागी गिलावा फोडून पाहणं. मग दुरुस्तीचं टेंडर.

तपासणी मात्र मनापासून हवी. मुंबई महापालिकेच्या कायद्यात तीस वर्षांपुढच्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटची तरतूद आहे, आणि सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा इथपासून सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती इथपर्यंत वर्गवारीही आहे. पण सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला पडला तो ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्तीचा, वापरायला ठीक असाच ठरलेला होता.

म्हणून आमच्या बॅचने मिनी-प्रोजेक्टला होस्टेलच घेतलंय. प्रत्येक खोलीची एक ओळ: गळती कुठे, चीर किती लांब, शेवटचं काम कधी झालं. ए विंग झाली, बी विंग अर्धी झाली. वही रेक्टर सरांच्या ऑफिसबाहेर टेबलावर आहे. ज्यांच्या खोलीत पोपडे पडतात त्यांनी खोली नंबर आणि तारीख लिहा. मेसच्या काकांनी स्वयंपाकघरातल्या बीमचं आधीच लिहून ठेवलंय, पहिल्या पानावर.